नाचणगावचा कप्तान

नाचणगावच्या चौकात पानटपरीला टेकून समुद्राची भरती-ओहोटी सांगणारा एक माणूस उभा असतो. समुद्र तिथून सातशे किलोमीटर लांब. गावाला खेटून पुलगाव, पुलगावला खेटून वर्धा नदी, आणि मे महिन्यात त्या नदीत पाण्यापेक्षा रेती जास्त. तरी संध्याकाळी सहाच्या सुमाराला हा माणूस घड्याळ पाहतो, बोटांची पेरं मोजतो आणि कापसाच्या भावावर रंगलेली चर्चा मध्येच तोडून म्हणतो, "आता दाभोळले ओहोटी लागली असन."

यावर काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही. टपरीवाला तेवढा "असन बावा" म्हणतो आणि पानाला चुना लावतो.

गाव त्याला कप्तान म्हणतं. त्याचं रेशनकार्डावरचं नाव वापरात नाही. भरतीची विद्या त्यानं कोकणात वेशवीच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या कोळ्याकडून उचलली. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि सहा तासांनी नऊला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. एवढ्या विद्येवर कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या होड्या हाकत आली. कप्तान तिच्यावर नाचणगावचा चौक हाकतो. आमच्या गटातल्या गुरुजींनी एकदा मोबाईलवर पडताळा घेतला, तर अर्ध्या तासाचा फरक निघाला.

"मोबाईल चुकला असन," कप्तान म्हणाला.

मित्रांच्या प्रत्येक टोळीत एक कप्तान असतोच. सहल त्याच्या डोक्यात निघते आणि त्याच्या डोक्यातच संपते. बाकीचे सामान म्हणून बरोबर जातात. त्याच्याकडे सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स असलेली प्लास्टिकची फाईल असते. तो सगळ्यांच्या आधी उठतो आणि उठल्याचं सगळ्यांना कळवतो. हॉटेलात चौघांची ऑर्डर तो एकटा देतो, आणि आपल्याला काय हवं होतं ते आपल्याला वेटर ताट ठेवतो तेव्हा कळतं. फोटो तो काढत नाही. फोटोत कुणी कुठं उभं राहायचं ते सांगतो. अशा माणसाला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच्याशिवाय नाचणगावातून कुणी शेगावच्या पलीकडे गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमचा कप्तान डेपोत होता. आमच्याकडे डेपो म्हटलं की एसटीचा नव्हे, पुलगावचा दारूगोळ्याचा. तिथं नोकरीभर त्यानं नेमकं काय केलं ते तो सांगत नाही. सांगायचं नसतं, हे मात्र वारंवार सांगतो. गेटवर काडेपेटी काढून ठेवायची तिथली शिस्त त्याच्या हाडात अशी मुरली, की सहलीला निघताना तो पहिल्यांदा सगळ्यांचे खिसे तपासतो. आमच्यात बिडी पिणारा एकच, जिनवाला. जिनिंगमध्ये काम करतो म्हणून जिनवाला, आणि गाडीही त्याचीच, पांढरी अर्टिगा, एमएच ३२. पण काडेपेटी कप्तानाच्या ताब्यात. बिडी प्यायची तर गाडीपासून वीस पावलं लांब जायचं, कप्तानाकडून एक काडी मोजून घ्यायची आणि जळकी काडी परत आणून दाखवायची. चौथा मेडिकल. त्याचं औषधाचं दुकान आहे आणि बॅगेतही दुकानच असतं. उरलो मी.

बेटांचं वेड कप्तानाला कुठून लागलं याचा शोध आम्ही सोडून दिला आहे. त्यानं केलेली बेटाची व्याख्या मात्र पाठ आहे. चारी बाजूंनी पाणी पाहिजे, हे तर शाळेतलंच. त्याला त्यानं दोन कलमं जोडली: तिथं आपली गाडी गेली पाहिजे, आणि ती पुलावरून गेली नाही पाहिजे. पुलाचा त्याला मनस्वी राग. रेल्वेच्या पुलाशेजारी वसलेल्या गावाच्या वेशीवर आयुष्य गेलेल्या माणसाला पुलाचा एवढा राग का यावा, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. "पुलावून बसबी जाते," एवढंच उत्तर मिळालं.

म्हणून घाई. रेवस ते रेडी या सागरी मार्गासाठी कोकणातल्या खाड्यांवर मोठाले पूल बांधायचं सरकारनं हाती घेतलं आहे, ही बातमी त्यानं कापून फाईलमध्ये लावली आणि पावती पुस्तक आणून आमच्याकडून दरमहा वर्गणी घ्यायला सुरुवात केली. "पूल व्हाच्या आंधी सगळ्या खाड्या पार करून घेऊ राजेहो. मंग आयुष्यभर रडत बसान." खाडी आयुष्यात न पाहिलेले आम्ही चौघं ती नाहीशी होणार म्हणून कासावीस झालो. पुढारी होण्यासाठी लागणारा हा गुण त्याच्यात उपजत आहे.

जातानाच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण उघडला. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर आणि गाड्यांना ताशी १२० ची मुभा. कप्तानानं आम्हाला ८० च्या वर जाऊ दिलं नाही. सिंदखेडराजाची पाटी दिसली तेव्हा जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून गुरुजी हात जोडून "पाच मिनिटं" म्हणाले. वेरूळची पाटी दिसली तेव्हा नुसते हात जोडले. दोन्ही वेळा कप्तान म्हणाला, "बोट सुटन." बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चपासून सुरू आहे. पेणला वळसा घालून रस्त्यानं जी वाट शंभराच्या वर जाते, ती बोट तासाभरात कापते. बोट मोठी, गाड्या खाली, माणसं वर, थंडगार हवा, मऊ खुर्च्या. मेडिकल खूश झाला. कप्तान मात्र घुश्शात होता, कारण गाडीत बसू द्यायला बोटीवरच्या पोरानं नकार दिला. खुर्चीच्या कडेवर बसून तो सबंध तास पायाखालच्या फरशीकडे पाहत राहिला. तिच्याखाली कुठंतरी अर्टिगा होती. उतरल्यावर निकाल लागला: "हे बोट नाही, मॉल आहे."

त्याची खरी सहल सुरू झाली ती आगरदांड्याला. राजपुरीच्या खाडीतून दिघीला नेणारी बोट साधी, उघडी. दोन-चार मोटारी, एक टेम्पो, दुचाक्या, आणि कठड्याला धरून उभी माणसं. जिनवाल्यानं गाडी वर घेतली आणि इंजिन बंद केलं. कप्तान म्हणाला, "आता सगळे उतरा. गाडीत एक जबाबदार मानूस पाह्यजे." आम्ही उतरलो. तोही डाव्या बाजूनं उतरला, बोनेटला वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि चालकाच्या जागी बसला. काच वर घेतली. एक हात हँडब्रेकवर आणि एक स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहू लागला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कप्तानाला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. डेपोत तो सायकलनं जायचा, निवृत्तीनंतर पायी फिरतो. नाचणगाव ते मुंबई तो डावीकडच्या सीटवर बसून तोंडानं गाडी चालवतो. कुठं गिअर बदलायचा, कुठं हॉर्न द्यायचा, समोरच्या ट्रकवाल्याच्या मनात काय आहे, सगळं जिनवाल्याला आधी कळवतो. पण चालकाच्या जागी बसायचं भाग्य त्याला लाभतं ते फक्त गाडी बोटीवर असताना.

खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसत होता. गुरुजींना स्फुरण चढलं. सिद्दी, अजिंक्य किल्ला, समुद्रात दगड टाकून वाट बांधायला निघालेले संभाजी महाराज, असं ते रंगून सांगत काचेपाशी गेले. कप्तानानं काच दोन बोटं खाली घेतली.

"तिथी गाडी जाते का?"

"नाही. शिडाच्या होडीनं जावं लागतं."

"मंग राहू द्या." काच वर गेली.

पुढं हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याला सावित्रीची खाडी, पलीकडे वेशवी. मग दापोलीच्या बाजूनं उतरून दाभोळ, तिथं वाशिष्ठी, पलीकडे धोपावे. गुहागर ओलांडून तवसाळ, तिथं शास्त्री, पलीकडे जयगड. या नद्या समुद्राला मिळायच्या आधी एवढ्या रुंद होतात, की एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या गावात गाडीरस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडावा. बोट त्या वाटेची मिनिटं करते. दाभोळला २००३ पासून ही सोय झाली आणि मग बाकीच्या खाड्यांवर पसरली. धक्क्यावर कांदाभजी मिळतात, बोटीवर वारा मिळतो, डॉल्फिन दिसल्याचं कुणीतरी ओरडतं आणि आपण वळेपर्यंत नुसतं पाणी उरतं. आम्ही तिघं-चौघं कठड्याला रेलून हे सगळं भोगत होतो. समुद्र पाहायला आलेला कप्तान बंद काचेच्या आत, पुढच्या टेम्पोच्या मागच्या फळीकडे डोळे लावून, गाडी चालवत होता.

चालवत होता हे खरंच. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून त्यानं जिनवाल्याकडून चावी मागून घेतली होती. बोटीनं डावीकडे वळण घेतलं की त्याचं चाक डावीकडे फिरायचं. समोरून परतीची बोट आली की तो किंचित उजवीकडे घ्यायचा, त्यांना वाट द्यायला. जयगडच्या बोटीवर खलाशी ओरडला, "ओ काका, चाकं सरळ ठेवा!" कप्तानानं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला शांत राहायची खूण केली. धक्का जवळ आल्यावर त्यानं ब्रेक दाबला. फळी खाली पडल्यावर उतरला, वळसा घालून डावीकडे गेला आणि कपाळाचा घाम पुसला. घाम खरा होता.

खाडी पार झाली की त्याच्या डायरीत नोंद होते: नदी, तारीख, तिथी, वारा. शेवटचा रकाना 'चालक', आणि त्यात त्याची सही. जिनवाल्यानं हे पाहिलं आहे. नागपूर-मुंबई महामार्ग त्याच्या नावावर आहे म्हणून तो गप्प बसला.

एवढं होऊनही कप्तान समाधानी नव्हता. खाडीच्या दोन्ही काठांना जमीनच. बेट कुठं आहे? सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग गाडीच्या अटीवर नापास. अखेर त्याच्या व्याख्येत बसणारी जागा गोव्यात सापडली. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर गेलं की समोर मांडवी आणि पलीकडे दिवाड. चारी बाजूंनी पाणी, पूल नाही आणि तीन बाजूंनी फेरीबोटी: एक जुन्या गोव्याची, एक रायबंदरची, एक नार्व्याची. पायी माणसाला भाडंही पडत नाही. कप्तानानं बेत केला की आत एका बोटीनं शिरायचं आणि बाहेर दुसऱ्या बोटीनं पडायचं. आल्या वाटेनं परतणं त्याला कमीपणाचं वाटतं.

नार्व्याचं नाव निघालं तसे गुरुजी बोलू लागले. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं तेव्हा लोकांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला, आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधवलं. आख्ख्या सहलीत कप्तानानं गुरुजींचं वाक्य पहिल्यांदाच पूर्ण होऊ दिलं.

"म्हंजे देवबी पलीकडं डोंग्यानंच गेला ना?"

"अर्थात. पूल कुठं होता?"

"पाहा!" कप्तान आमच्याकडे वळून म्हणाला. त्यानं ती कथा परत एकदा सांगायला लावली.

मांडवीची ती फेरी पाचेक मिनिटांची. अर्टिगा सगळ्यात पुढं, दुचाक्यांच्या मागं. कप्तान आपल्या जागी स्थानापन्न. जिनवाला आणि मेडिकल मागच्या टोकाला फोटो काढत होते, आणि बोट टेकली तेव्हा माणसांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत तिथंच अडकले. फळी पडली. दुचाक्या भुर्रकन निघून गेल्या. आता समोर मोकळी फळी, मागं हॉर्न, आणि मध्ये आमची गाडी.

आणि फळीच्या टोकाशी एक पांढऱ्या शर्टातला म्हातारा, हातात मिटलेली छत्री. खलाशी नव्हे, शिपाई नव्हे, कुणीच नव्हे. पण छत्री उंचावून तो एकेका वाहनाला कुठून जायचं ते सांगत होता आणि वाहनं ऐकत होती. मला पाहताक्षणीच ओळख पटली. हा दिवाडचा कप्तान.

"चल बाब, काड गाडी!" छत्री आमच्याकडे रोखली गेली.

आमचा कप्तान काच खाली घेऊन गंभीरपणे म्हणाला, "आंधी तुमच्या लोकायले जाऊ द्या. आम्ही पाहुणे आहो."

"वचतले कशे? तूंच आडवो आसा!"

मागचे हॉर्न वाढले. कप्तानानं समोरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसून पाहिली, आरसा नीट केला. म्हातारा खिडकीपाशी आला, त्यानं आत वाकून पाहिलं. कप्तानाचे दोन्ही पाय आखडून मागं घेतलेले, एकही कशावर नाही. म्हाताऱ्याला सगळं कळलं. जातवंताला जातवंताची खोड लगेच दिसते.

"तुका चलोवंक येना?"

"येते," कप्तान म्हणाला. "पान्यावर."

म्हातारा इतका हसला की त्याची छत्री उघडली. तेवढ्यात जिनवाला गाड्यांच्या मधून घासत येऊन पोहोचला. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो: कप्तानानं आपली डावीकडची पुढची सीट त्या म्हाताऱ्याला दिली आणि स्वतः मागं आमच्यात येऊन बसला. ती सीट त्यानं मेडिकलला गाडी लागत होती तेव्हाही सोडली नव्हती.

बेटावर भातशेती, नारळ, शांत जुनी घरं आणि पिएदादच्या टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च. ते नीट पाहायला मिळालं नाही, कारण गाडीत आता दोन कप्तान होते. एक पुढून "दाव्यान!" म्हणायचा आणि एक मागून "उजवीकडं घे बे!" शेवटी जिनवाल्यानं गाडी बांधावर उभी केली, स्टिअरिंगवरचे हात काढले आणि काडेपेटी मागितली. कप्तानानं न मोजता दिली.

म्हाताऱ्याकडे स्वतःची गाडी नव्हती. सायकलही नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ तो धक्क्यावर येतो, गाड्या लावून देतो, घरी जातो. त्यानं बोंदेराची गोष्ट सांगितली. वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले. लोक ते झेंडेच पाडू लागले. त्याची आठवण म्हणून दर ऑगस्टात झेंड्यांची मिरवणूक निघते. कप्तान भारावून गेला. "म्हंजे धुऱ्याचं भांडन! आमच्याकडं धुऱ्यापायी तीन-तीन पिढ्या कोर्टात हायेत, पन सन करनं कोनाले सुचलं नाही." बदल्यात त्यानं पोळा सांगितला, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा सांगितला, लाकडी बैल ओढत घरोघर फिरणारी पोरं सांगितली. मेडिकलनं वर्ध्याहून आणलेल्या गोरसपाकाचा डबा उघडला. म्हातारा तीन खाऊन म्हणाला, पोळ्याला येतो.

मग त्यानं विचारलं, "तुमच्या गांवांत फेरी आसा?"

आम्ही चौघांनी कप्तानाकडे पाहिलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. पण समोर दिवाडचा कप्तान होता, आणि डेपोच्या नोकरीनं त्याला खरं न सांगण्याची कला शिकवली होती.

"नदी आहे," तो म्हणाला. "मोठी आहे. पलीकडं दुसरा जिल्हा लागते."

"आनी गाडी?"

"गाडीचं चालू आहे."

आता पोळा तोंडावर आला आहे. दिवाडहून फोन येऊन गेला. म्हाताऱ्यानं भाच्याबरोबर रेल्वेचं तिकीट काढलं आहे, आणि फेरीची पहिली वेळ कोणती, असं विचारलं आहे. कप्तानानं चौकात उभं राहणं बंद केलं. गेला आठवडा तो जिनवाल्याला घेऊन वर्धेच्या काठाकाठानं हिंडतो आहे. पुलगावच्या घाटावर चौकशी झाली. काल आर्वीकडे धनोडीच्या धरणावर गेले होते. तिथं मासेमारांचे डोंगे असतात. एक तरुण भोई जाळं निवडत बसला होता. कप्तानानं आधी डोंग्याची लांबी पावलांनी मोजली, मग रुंदी, मग अर्टिगाकडे पाहिलं.

"किती वजन पेलते रे पोट्ट्या हा?"

"चार मानसं, काका. पाचवा बसला तं पानी आत येते."

कप्तान बराच वेळ हिशेब करत राहिला. मग त्यानं जिनवाल्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "दोन म्हातारे आनं एक सायकल बसन का?"